कुलपाचं झाकण

इस्पितळाची लांबलचक भिंत जिथे संपते तिथे, चढाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, निळी बसली. बसली म्हणजे बंद पडली नाही. बंद पडली असती तर कानसेनला त्याचं काही वाटलं नसतं. गाड्या बंद पडतात म्हणून तर त्याच्या घरची चूल पेटत होती. पण निळीचं इंजिन चालू होतं, पायाखालचं पेडल तळाला टेकलं होतं, आणि गाडी मात्र पुढे जायचं नाव घेत नव्हती. दुसरा गिअर टाकला, मग पहिला. दोन आचके देऊन ती गोगलगायीच्या चालीवर आली. मागच्या मोटारवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. कानसेनने कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली वाकून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. पाय जागच्या जागी होता. आणि तेव्हाच त्याला आठवलं, असं वाकून पायाकडे बघताना त्याने एकदा दुसऱ्या कुणाला तरी पाहिलं होतं.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गॅरेजच्या शेजारी टायरचं दुकान आहे, त्या टायरवाल्याने ते थट्टेत ठेवलं, आणि थट्टेतली नावंच माणसाला जन्मभर चिकटतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. खोलून बघावं तर तिसराच. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची, आणि त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. निळी ही त्याच्या थोरल्या भावाची, दादाची गाडी. डिझेलवरची जुनी पिकअप, एके काळी रंग निळा होता म्हणून निळी. दादाने चालवायचं सोडल्यापासून ती गॅरेजच्या अंगणात उभी असे. काही सामान आणायचं झालं की दोन-चार लिटर डिझेल ओतून कानसेन तिला जवळच्या जवळ फिरवून आणी आणि पुन्हा भिंतीला लावून ठेवी. आज चढापलीकडच्या वखारीतून एक जुनं इंजिन उचलायचं होतं. लांबचा पल्ला, म्हणून कितीतरी दिवसांनी त्याने निळीची टाकी काठोकाठ भरून घेतली होती.

त्याने बॉनेट उघडलं आणि सवयीने कान पुढे केला. नुसतं उभ्याने इंजिन ठीक बोलत होतं, पण रेस वाढवली की धाप लागत होती. हा उपाशी इंजिनाचा आवाज. डिझेल पोचत नाही, एवढं त्याला लगेच कळलं. मग फिल्टर? फिल्टर त्याने स्वतः बदलला होता, दादाच्या वेळी. टाकीतली जाळी काढून, धुऊन बसवली होती, दादाच्या वेळी. नळीत हवा धरली असेल म्हणून ती काढली होती, अॅक्सिलरेटरची तार नवी घातली होती, पंप उतरवून तपासून आणला होता, सगळं दादाच्या वेळी. जे जे करायचं ते सगळं करून झालं होतं आणि कशातच काही सापडलं नव्हतं. तो बॉनेटला टेकून उभा राहिला. रस्त्यावरून मोटारी जात होत्या, इस्पितळाच्या भिंतीआड कुणीतरी चादरी झटकत होतं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा रेस दिली, तर निळी अशी खणखणीत गुरगुरली की जसं काही झालंच नव्हतं. "जरा थांबलं की आपोआप ठीक होते रे," दादा सांगायचा, "रुसून बसल्यासारखी करते आणि मग आपणच येते." आणि त्यावर आपण काय म्हणायचो, हेही कानसेनला आठवलं. आपण म्हणायचो, दादा, गाडी आहे ती, वहिनी नव्हे.

दादा काचा वाहायचा. खिडक्यांच्या, दुकानांच्या, माणसाहून उंच तावदानं लाकडी घोडीवर उभी बांधून त्या वखारीतून या वखारीत न्यायची, हे त्याचं काम. काचवाले व्यापारी दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत नसत. गाडी सुटली कधी आणि थांबली कधी हे आत बसलेल्याला कळू नये, असा दादाचा पाय. लहानपणी कानसेनला तो शेजारी बसवायचा आणि डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. सगळं गाव फिरून आलं तरी पेल्यातलं पाणी डॅशबोर्डवर सांडत नसे. मग शेवटी दादा ते पाणी पिऊन टाकायचा आणि म्हणायचा, चला, पगार झाला. दुसऱ्या कशाचा त्याला गर्व नव्हता. शाळा अर्धवट सुटलेली, बोलण्यात कच्चा, चारचौघांत मागे उभा राहणारा माणूस. पण उजव्या पायाबद्दल कुणी चांगलं बोललं की तो ओशाळून हसायचा आणि तो पाय जरासा मागे घ्यायचा, नवी वहाण लपवणाऱ्या पोरासारखा.

आणि त्याच चढावर, तावदानं लादलेली असताना, निळी बसायला लागली. रोज नाही. कधी आठवडाभर काही नाही, तर कधी एकाच दिवशी दोनदा. दादा गॅरेजमध्ये यायचा, बाजूला उभा राहून गिऱ्हाइकं संपायची वाट बघायचा आणि मग हळूच सांगायचा. कानसेनची एक पद्धत होती, आजही आहे. गाडी कुठलीही असो, तक्रार काहीही असो, आधी टाकीचं झाकण उघडायचं आणि आत काठी घालून बघायची. कारण निम्मी गिऱ्हाइकं रिकामी टाकी घेऊन येतात आणि इंजिनाच्या नावाने खडे फोडतात. तेव्हा दादाचीही टाकी उघडायची, काठी घालायची, डिझेल आहे म्हणून पुन्हा झाकण लावायचं आणि मग दोघांनी चढावर चक्कर मारून यायची. निळी पळायची. दर वेळी पळायची. कानसेन खिडकीत कोपर टेकून बसायचा आणि म्हणायचा, हं, बसव बघू आता. आणि दादा कसनुसा होऊन म्हणायचा, आत्ता नाही बसत रे. एकदा तो म्हणाला होता, "मला वाटतं भरल्या टाकीने जास्त होतं." टायरवाला तिथेच होता. कानसेन म्हणाला, "पोट भरलं की सुस्ती येत असेल तिला. गाडी मालकावर गेली आहे." टायरवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. दादाही हसला. पुन्हा त्याने टाकीचं नाव काढलं नाही.

आज टाकी भरलेली होती. कानसेनच्या डोक्यात हे शब्द आले आणि तिथेच अडकले. टाकी भरलेली होती, आणि पंपावरून निघाल्यापासून तिचं झाकण कुणी उघडलं नव्हतं, कारण इथे गॅरेज नव्हतं, काठी नव्हती आणि थट्टा करायला कुणी नव्हतं. तो पुन्हा गाडीत बसला. चढ उतरून खाली गेला, वळला, गावाबाहेरच्या रस्त्याने लांबचा फेरा मारून पुन्हा चढाला लागला. भिंत सुरू झाली. बसू नकोस, तो मनात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गाडीतला दोष सापडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. भिंत संपत आली आणि निळीला धाप लागली. या वेळी त्याने बॉनेटकडे बघितलंच नाही. इंजिन बंद केलं, खाली उतरला, मागे गेला, टाकीच्या कुलपात किल्ली घातली आणि झाकण फिरवलं. टाकीने श्वास घेतला. एक लांब, आत ओढलेला, शिट्टीसारखा श्वास, पत्र्याचा एक हलका टणत्कार, आणि मग शांतता. त्याने झाकण हातात उलटं करून बघितलं. गुळगुळीत रबर, सपाट पत्रा. हवा आत जायला सुईएवढीही वाट नव्हती. डिझेल खाली जाईल तशी टाकीत पोकळी वाढत होती, आणि ती पोकळी डिझेल मागे धरून ठेवत होती. उभ्या गाडीत कुठून तरी थोडी हवा झिरपायची आणि गाडी रुसवा सोडायची. टाकी भरलेली असेल तर आत हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. दादा बरोबर सांगत होता. आणि गॅरेजमध्ये पहिल्याच झटक्याला आपण झाकण उघडून रोगच बाहेर काढून टाकत होतो आणि मग रोगी तपासत होतो. शिट्टी तेव्हाही वाजलीच असणार. शेजारी टायरवाल्याचा हवेचा पंप दिवसभर धडधडत असतो, त्यात कानसेनच्या त्या गाजलेल्या कानाला ती कधी ऐकूच आली नव्हती.

झाकण त्यानेच बसवलं होतं. कुणीतरी रात्रीतून दादाचं डिझेल काढून नेलं होतं, आणि कानसेनने गॅरेजच्या खोक्यातून एक कुलपाचं झाकण शोधून काढलं, दुसऱ्याच कुठल्या मोडीत गेलेल्या गाडीचं. आटे जुळले. त्या गाडीला हवेसाठी टाकीला वेगळी नळी असणार, निळीला नव्हती, एवढा विचार करायला हवा होता. किल्ली दादाच्या जुडग्यात अडकवताना तो म्हणाला होता, घे, आता कुणाची हिंमत आहे बघू. दादा झाकणावरून कितीतरी वेळ बोट फिरवत होता. धाकट्याने काही दिलं की त्याला असंच व्हायचं. नवी गाडी घेऊन दिली असती तरी याहून जास्त खूश झाला नसता.

मग तो दिवस. कानसेनला तो आठवायचा नव्हता, पण रस्त्याच्या कडेला झाकण हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला कुठे पळता येतं? निळी तावदानांसकट मागे घसरली, कठड्याला टेकली, आणि सगळी घोडी रस्त्यावर आडवी झाली. कुणाला इजा झाली नाही. दादा हाताने काचा गोळा करत बसला होता, लोकांनी उठवलं. गॅरेजमध्ये आला तेव्हा त्याची बोटं फडक्यात गुंडाळलेली होती. कानसेनने टाकी उघडली, काठी घातली, चढावर चक्कर मारून आणली. निळी वाऱ्यासारखी गेली. आणि परत येऊन, इंजिन चालू ठेवूनच, टायरवाला आणि दोन गिऱ्हाइकं उभी असताना तो म्हणाला, "दादा, गाडी ठणठणीत आहे. तुझा पाय बसतो. चढावर घाबरतोस तू आता, आणि पाय उचलतोस. तुला कळतही नसेल." तो रागाने बोलला नव्हता. उलट समजुतीने बोलला होता, आणि ते जास्त वाईट होतं. दादाने वाकून पायाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मला तर तसं काही वाटत नाही. पण तू म्हणतोस तर असेल." आणि जुडगं त्याच्या हातात दिलं.

तू म्हणतोस तर असेल. हे वाक्य कानसेनच्या ओळखीचं होतं. दोघे लहान असताना एका भाड्याच्या खोलीत राहायचे, आणि भिंतीत कुठेतरी पाणी बोलतंय असं तो सारखा सांगायचा. वडिलांनी आधी दटावलं, मग एक ठेवून दिली. दादा मात्र जेवण टाकून त्याच्या शेजारी भिंतीला कान लावून बसला. बसला तो बसलाच, कानावर चुना लागेपर्यंत. "मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला, "पण तू म्हणतोस तर असेल." आणि दुसऱ्या दिवशी घरमालकाशी भांडून त्याने गिलावा फोडायला लावला. आत नळ फुटलेला होता. त्या दिवसापासून कानसेनचा कान हा कान झाला. दादा घरी येईल-जाईल त्याला सांगायचा, आमच्या धाकट्याचा कान फार चांगला आहे, त्याला मोटारींच्या कामात घालायचाय. आणि घातला. भिंतीचं पाणी दादाला ऐकू आलं नव्हतं तरी त्याने विश्वास ठेवला. निळीची धाप आपल्याला ऐकू आली नाही, तर आपण काय केलं? एवढं साधं होतं सगळं. दादा म्हणतोय तर असेल, एवढंच म्हणून एक दिवस त्याच्या शेजारी बसून काचा पोचवायला गेलो असतो, टाकी न उघडता.

वखारीला न जाताच तो परतला. गॅरेजमध्ये बारीक ड्रिलने झाकणाला भोक पाडायला, चहाचा कप गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मग निळी घेऊन तो दादाच्या घरी गेला. वहिनी दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. निळीचा आवाज ऐकून त्यांनी आधी आत बघितलं, मग त्याच्याकडे.

"ही कशाला आणलीत, भावजी?"

"दादाला दाखवायची होती. वहिनी, दोष सापडला. गाडीचाच होता."

वहिनींचे हात थांबले. त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकली आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "आता सापडला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जिना उतरताना हे उजव्या पायाकडे बघून उतरतात, भावजी. एकेक पायरी. मी म्हणते, अहो, काय झालंय पायाला? तर म्हणतात, काही नाही, याच्यावर लक्ष ठेवावं लागतं." कानसेनने एवढंच विचारलं, "आहे का घरात?"

दादा खिडकीशी बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, झाकण हातात घेतलं, भोकातून उजेड बघितला. "म्हणजे हवा जायला वाट नव्हती," तो म्हणाला. त्याला सगळं नीट कळलं होतं. पण कानसेन ज्याची वाट बघत होता ते काही त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही. दादा ओरडला असता, झाकण फेकून मारलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दादा त्याचीच समजूत काढायला लागला. "अरे, झाकणाचं असेलही थोडंफार. पण त्या दिवशी पायच बसला होता माझा. मला आठवतंय ना. असा थरथरला आणि वर आला." त्याने पाय उचलून दाखवला. "तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"नव्हता थरथरला! दादा, तुला तेव्हा तसं काही वाटलंच नव्हतं. तू सांगितलं होतंस मला, सगळ्यांसमोर सांगितलं होतंस."

"तेव्हा कळलं नव्हतं रे. मग विचार करत बसलो तेव्हा आठवलं."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "एकदा जाऊन तर या," त्या म्हणाल्या, आणि दादाची वहाण त्यांनी त्याच्या पायाशी आणून ठेवली. दादा नाही म्हणणारा माणूस नव्हता, हीच तर सगळी अडचण होती.

निळी हलली तेव्हा कानसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी कधी सुटली ते त्याला कळलंच नव्हतं. तोच पाय, तोच अंदाज, मधला सगळा काळ कुणीतरी पुसून टाकावा तसा. बाजारातून, पुलाखालून, गावाबाहेरच्या फेऱ्यावरून दादा निळीला घेऊन गेला. मध्येच तो गुणगुणायला लागला आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात येऊन थांबला. कानसेन इंजिन ऐकत होता. धापेचं नाव नाही. चढ लागला. इस्पितळाची भिंत सुरू झाली, खिडकीशेजारून सरकू लागली. दादाचे दोन्ही हात चाकावर घट्ट झाले. आणि भिंत संपत आली तेव्हा कानसेनच्या हातून ते झालं. त्याने दादाच्या पायाकडे बघितलं. क्षणभरच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. पण दादाने त्याला बघताना बघितलं.

पाय वर आला. थरथरून, जसा मघाशी घरात उचलून दाखवला होता तसाच. निळी मंदावली, मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि दादाने तिला अलगद कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. "बघितलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं. "तू तेव्हाच बरोबर सांगितलं होतंस."

"नाही दादा," कानसेन म्हणाला. इंजिनाबद्दल तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. "गाडीच बसली. भोक लहान पडलं असेल माझ्याकडून. मी ऐकलं ना, धाप लागली होती तिला."

दादाने मान जराशी तिरकी केली. भिंतीला कान लावून बसायचा तेव्हा करायचा तशीच. दोघे निळीचं इंजिन ऐकत राहिले. ते एका सुरात, स्वच्छ चाललं होतं.

"मला तर ही चांगली वाटतेय," दादा म्हणाला. "पण तू म्हणतोस तर असेल." मग त्याने दार उघडलं, खालच्या रस्त्याकडे बघून आधी उजवा पाय जपून टेकवला, आणि पुढून वळसा घालून तो कानसेनच्या बाजूला येऊन उभा राहिला, त्याने सरकून चाकाशी बसावं म्हणून वाट बघत.